टॅटू काढून झाला, आता पुढचा महिना

मी टॅटू काढते. सुई खाली ठेवली की माझं काम संपतं आणि तुमचं सुरू होतं. बरे झालेले टॅटू टचअपला, म्हणजे राहिलेल्या जागी पुन्हा रंग भरायला, परत येतात तेव्हा मी आधी रेषा बघते आणि मग विचारते, "काय काय लावलंत यावर?" उत्तरं ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. दुर्लक्षामुळे बिघडलेले टॅटू मी कमी बघितलेत, लाडामुळे बिघडलेले जास्त. दर दोन तासांनी क्रीम, दर तासाला आरशासमोर, आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला "बघ ना, हात लावून बघ." म्हणून खाली जे लिहितेय त्यात 'हे करा'पेक्षा 'हे करू नका' जास्त आहे.

आधी कातडीत काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. सुई वरचा थर ओलांडून खालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोलवर शाई सोडते. वरचा थर सतत झडत आणि नव्याने येत असतो, त्यामुळे शाई तिथे टिकत नाही. खालच्या थरात टिकते. शरीराला मात्र शाई म्हणजे घुसखोरच वाटतो. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत, म्हणून त्या कणांसकट तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई सुटते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो त्यामागे हे आहे. तुम्हाला यातून एवढंच घ्यायचंय: शाई धरून ठेवायचं काम शरीर स्वतः करतं. तुमचं काम वरची जखम स्वच्छ ठेवायची आणि तिला डिवचायचं नाही.

पट्टी कधी काढायची

हे तुमच्या आर्टिस्टने कुठली पट्टी लावली त्यावर ठरतं, आणि त्याने किंवा तिने सांगितलेली वेळ माझ्या लिहिण्यापेक्षा वरचढ. साधी क्लिंग फिल्म गुंडाळली असेल तर ती फक्त घरी पोचेपर्यंतची सोय आहे. काही तासांत काढा आणि पुन्हा गुंडाळू नका. आत घाम, रक्त आणि लस (जखमेतून झिरपणारं पातळ पाणी) साचते, हवा लागत नाही, आणि जंतूंना उबदार ओली जागा आयती मिळते.

सेकंड स्किन म्हणतात ती चिकटणारी पारदर्शक पट्टी वेगळी. ती पॉलियुरेथेनची असते, बाहेरचं पाणी आणि जंतू आत येऊ देत नाही, पण आतली वाफ थोडी थोडी बाहेर सोडते. जखम उघडी सुकवण्यापेक्षा ओलसर झाकून ठेवली तर लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर दाखवलं होतं, आणि आजच्या या पट्ट्या त्याच विचारातून आल्या आहेत. पहिली पट्टी बहुधा दिवसभर ठेवतात, मग टॅटू धुऊन दुसरी लावली तर ती आणखी काही दिवस राहते. आत काळपट पाण्याची पिशवी तयार होते. ती बघून घाबरगुंडी उडते, पण ती लस आणि जादाची शाई असते. तुमचं डिझाइन वाहून गेलेलं नसतं.

घाबरायचं ते कड उचकटली तर. कडेतून पाणी गळायला लागलं म्हणजे आत जायला वाट झाली. त्यावर चिकटपट्टी मारून भागवू नका. पट्टी काढा, टॅटू धुवा आणि उघडा ठेवा. पट्टीच्या बरोबर आकारात खाजरं लाल पुरळ उठलं तर त्या गोंदाची तुम्हाला ॲलर्जी आहे. तेव्हाही काढा, आणि पुढच्या वेळी आर्टिस्टला हे आधीच सांगा.

काढायची पद्धत महत्त्वाची आहे. कोमट पाण्याखाली उभे राहा, एक कोपरा सोडवा आणि पट्टी कातडीला समांतर, केसांच्या दिशेने ताणत जा. ताणली की गोंद आपोआप सुटतो. वर ओढून खसकन काढली तर नवी कातडीही सोबत येते.

धुणं

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी स्वतःचे हात साबणाने नीट धुवा, नखांखालीसुद्धा. मग कोमट पाणी घ्या. गरम पाण्याने सूज वाढते आणि झोंबतंही. शॉवरची धार थेट टॅटूवर सोडू नका, ओंजळीने पाणी घाला. बिनवासाचा, सौम्य, शक्यतो पंपातून येणारा साबण तळहातावर घेऊन फेस करा आणि बोटांच्या पेरांनी हळूच गोल फिरवा. घासणी नको, स्पंज नको, स्क्रब तर नकोच.

पहिल्या दिवशी बोटांना बुळबुळीत लागेल. ती लस आहे. ती तशीच राहिली तर सुकून जाड खपली धरते, आणि खपली जितकी जाड तितका ती भेगाळून रंगात खड्डा पडण्याचा धोका जास्त. म्हणून बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा आणि थांबा. "अजून जरा स्वच्छ" करायच्या नादात अर्धवट सुटलेलं काहीही खरवडू नका.

पुसायला कागदी टॉवेल घ्या. टिपायचं, चोळायचं नाही. बाथरूममधल्या टॉवेलमध्ये ओल असते, धागे असतात आणि घरातल्या सगळ्यांचे जंतू असतात. टिपून झाल्यावर दहा मिनिटं तसंच उघडं राहू द्या. कातडी पूर्ण कोरडी व्हायच्या आत क्रीम लावलं तर पाणी खाली कोंडलं जातं.

दिवसातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं. घाम आला, धुळीत काम केलं, तर तिसऱ्यांदा. पाच-सहा वेळा धुणारेही भेटतात. त्यांची कातडी कोरडीठक्क पडते, मग ते दुप्पट क्रीम लावतात.

क्रीमबद्दल माझं मत

"ताई, कुठलं क्रीम चांगलं?" हा प्रश्न रोजचा. खरं सांगायचं तर कुठलं यापेक्षा किती याला जास्त महत्त्व आहे. तळहाताएवढ्या टॅटूला बोटाच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी पुरतं. लावून झाल्यावर कातडी चमकत असेल तर जास्त झालं. कागदी टॉवेलने जादाचं टिपून घ्या. क्रीमच्या जाड थराखाली खपली भिजून फुगते, मऊ पडते आणि कपड्याला चिकटून निघून येते. वर केसांच्या मुळांशी बारीक फोड येतात ते वेगळेच, आणि ते बघून माणूस 'इन्फेक्शन झालं' म्हणून आणखी मलम थापतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत लस येत असताना तर क्रीमची फारशी गरजच नसते. कातडी ताणल्यासारखी, कोरडी वाटायला लागली की सुरू करा. घटकांची यादी वाचा: सुगंध नको, रंग नको, अल्कोहोल नको. कोरफडीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हिरव्यागार जेलमध्ये या तिन्ही गोष्टी सापडू शकतात. पेट्रोलियम जेली विष नाही, पण इतकी दाट असते की लोकांच्या हातून ती जास्तच लागते. लावायचीच तर बोटाला नुसती पुसल्यासारखी.

अँटिबायोटिक मलम स्वतःच्या मनाने लावू नका. त्यातल्या काहींमध्ये निओमायसिन असतं आणि त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते. धड बरा होत असलेला टॅटू मग त्या मलमामुळेच लाल होऊन खाजतो. स्टिरॉइड असलेली मलमंही तशीच. खाज लगेच थांबते म्हणून लोक खूश होतात, पण ती जखम भरून येणं मंदावतात. डॉक्टरांनी दिलं तरच. घरगुती लेप, तेलं, पावडरी यांचं उत्तर छोटं आहे: उघड्या जखमेवर काहीही नको.

आठवड्यागणिक काय दिसेल

पहिले दोन-तीन दिवस कातडी लाल, गरम, सुजलेली आणि कडक उन्हात भाजल्यासारखी दुखरी. पोटरीवर किंवा घोट्याजवळ काढला असेल तर संध्याकाळी पाय जड होतो. बसताना पाय उंच ठेवा आणि फार वेळ उभं राहू नका. दंडावरच्या मोठ्या टॅटूची सूज कधी कधी खाली कोपराकडे उतरते, त्यात वावगं काही नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोपडे सुटायला लागतात आणि याच सुमारास मला सगळ्यात जास्त फोन येतात. "शाई निघतेय!" रंगीत पापुद्रे बादलीत, चादरीवर, बाहीत सापडतात. तो वरचा थर आहे, ज्यात शाई मुळी टिकणारच नव्हती. त्याला जाऊ द्या. फक्त स्वतःहून जाऊ द्या. अर्धवट लोंबणारा पोपडासुद्धा ओढायचा नाही, कारण त्याचं दुसरं टोक अजून जिवंत कातडीत रुतलेलं असतं. तिथून ओढला की रक्ताचा ठिपका येतो, आणि पुढे त्याच जागी रंगात पांढुरकं भोक दिसतं. टचअपला आलेल्या टॅटूत ओढलेली खपली मला लगेच ओळखू येते. रेष मधेच एखाद्या दातासारखी तुटलेली असते.

खाजेचं काय करायचं? खाजवायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, अडचण झोपेत होते. नखं कापून टाका. जागेपणी स्वच्छ तळहात सपाट ठेवून हलकेच दाबा किंवा थोपटा. स्वच्छ कपड्यात गुंडाळलेलं थंड काहीतरी दोन-चार मिनिटं धरलं तरी बरं वाटतं, पण बर्फ थेट कातडीवर नको. कोरडेपणाने खाजत असेल तर पातळ थर क्रीम. एवढ्यानेही झोप येत नसेल तर ॲलर्जीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन आठवड्यांनंतर पोपडे संपतात आणि लोक निराश होतात. टॅटू फिका, दुधाळ, किंचित चकचकीत दिसतो. मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते की या दिवसांत माझ्यावर रागवायचं नाही. वर आलेली कातडी नवी आणि धूसर असते, रंग तिच्याखालून दिसतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती निवळते. आतली दुरुस्ती मात्र दोन-तीन महिने चालते, म्हणून वरून बरा दिसणारा टॅटू म्हणजे पूर्ण बरा झालेला टॅटू नव्हे.

शाईबाबत एक खरी तक्रार असू शकते तीही सांगून टाकते. रेषेभोवती निळसर सावली पसरलेली असेल आणि ती सूज उतरल्यावरही जात नसेल, तर शाई गरजेपेक्षा खोल गेली आहे. ते तुमच्या काळजीने झालेलं नाही आणि कुठल्या क्रीमने जाणारही नाही.

कपडे, झोप, पाणी, ऊन

सैल, सुती, धुतलेले कपडे. ब्राचा पट्टा, कमरेचा बेल्ट, घड्याळ, मोज्याचं इलॅस्टिक हे टॅटूवर येत असेल तर तेवढे दिवस पर्याय शोधा. चादर नवी घाला, गडद रंगाची असेल तर उत्तम, कारण शाईचे डाग पडतात. सकाळी चादर किंवा बाही टॅटूला चिकटलेली असेल तर ओढू नका. कपड्यासकट कोमट पाण्याने भिजवा, मिनिटभरात सुटते. घरात कुत्रा-मांजर असेल तर या दिवसांत त्यांना पांघरुणात जागा नाही, त्यांनी कितीही तोंड पाडलं तरी.

व्यायाम काही दिवस थांबवा. घामापेक्षा मला कातडीच्या ताणाची आणि घर्षणाची काळजी जास्त वाटते. कोपराच्या, गुडघ्याच्या सांध्यावरचा टॅटू प्रत्येक वाकण्यासरशी भेगाळतो, त्याला इतर जागांपेक्षा जास्त वेळ द्या. जिममधल्या बाकांवर उघडा टॅटू टेकवू नका.

अंघोळ करा, बुडू नका. टब, तलाव, नदी, समुद्र, पोहण्याचा तलाव, सगळं किमान तीन-चार आठवडे बंद. क्लोरीन आहे म्हणून पोहण्याचा तलाव चालतो असं नाही. समुद्राबद्दल तर एक नोंद आहे जी मी पोहायला उतावीळ असलेल्यांना सांगते. २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली. अमेरिकेतला एक माणूस टॅटूनंतर पाचच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्या पाण्यातला व्हिब्रिओ जातीचा जिवाणू जखमेतून आत गेला आणि तो दगावला. त्याला यकृताचा जुना आजार होता, त्यामुळे सगळ्यांचं असं होत नाही. पण जखम उघडी असते ती सगळ्यांचीच.

ऊन: बरा होईपर्यंत सनस्क्रीनही लावायचं नाही, कारण ते उघड्या जखमेसाठी नसतं. कपड्याने झाका. बरा झाल्यावर मात्र तीस किंवा त्याहून वरच्या एसपीएफचं सनस्क्रीन कायमचं. टॅटू फिका पाडण्यात उन्हाइतका हात दुसऱ्या कशाचाच नाही. टॅटूवरचे केसही पूर्ण बरा होईपर्यंत रेझरने काढू नका.

डॉक्टरकडे कधी

मी डॉक्टर नाही आणि फोटोवरून निदान करत नाही. कुणी रात्री अकराला फोटो पाठवला आणि मला शंका आली तर माझं उत्तर एकच असतं, सकाळी दवाखान्यात जा. ताप असेल तर सकाळचीही वाट बघू नका.

साधा नियम असा: बरा होणारा टॅटू रोज थोडा सुधारतो. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं, सूज किंवा उष्णता वाढत चालली असेल, लाली टॅटूच्या हद्दीबाहेर पसरत असेल, पिवळा-हिरवा पू किंवा वास येत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा टॅटूपासून लाल रेघ वर सरकताना दिसत असेल, तर थांबू नका. शेवटची दोन लक्षणं तातडीची आहेत. लाली पसरतेय की नाही हे कळत नसेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढा, काही तासांनी बघा.

सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली लालभडक दिसतच नाही. ती जांभळट किंवा आसपासच्या कातडीपेक्षा गडद दिसते आणि सहज नजरेतून सुटते. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, त्यांच्याशी ताडून 'माझं लाल नाही, म्हणजे ठीक' असं समजू नका. हाताच्या उलट्या बाजूने उष्णता बघा, कडेला दाबून कातडी घट्ट, टणक लागते का बघा.

काही गोष्टी उशिरा येतात. दोन-तीन आठवड्यांनी, विशेषतः राखाडी शेडिंगच्याच भागात बारीक लालसर पुटकुळ्या उठल्या आणि जाईनात, तर ते साधं पुरळ समजून बसू नका. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये असंच झालं होतं. आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईत क्षयाच्या जंतूंच्या दूरच्या नात्यातला एक जिवाणू निघाला होता. अशा संसर्गाला नेहमीची अँटिबायोटिक्स पुरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना टॅटूची तारीख आणि जमलं तर शाईचं नाव सांगा. लाल रंगाची ॲलर्जी तर महिन्यांनी, कधी वर्षांनीही डोकं वर काढते. फक्त लाल भाग उंच, टणक आणि खाजरा होतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, पूर्वी जखमेवर केलॉइडच्या, म्हणजे व्रण वाढून झालेल्या टणक गाठी आल्या असतील, तर ही चर्चा डॉक्टरांशी टॅटूच्या आधी करायची. आणि टॅटूसाठी म्हणून कुठलंही औषध परस्पर बंद करायचं नाही.

टचअप

सहा आठवड्यांच्या आत माझ्याकडे टचअप मागू नका. डोळे मिटून टॅटूवरून बोट फिरवा. कुठे खरखर, कुठे गुळगुळीत, कुठे दुखरं लागत असेल तर कातडी अजून तयार नाही. काही जणांच्या रेषा गरमीत किंवा खाज उठली की थोड्या उचलल्या जातात, तेवढं चालतं. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता एक फोटो काढून आर्टिस्टला पाठवा आणि जिथे रंग कमी वाटतो त्या जागा सांगा. त्या दिवशी क्रीम न लावता या, म्हणजे स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा डिझाइनचा छाप) नीट बसेल. टचअपची जखम छोटी असते, बहुधा लवकर भरते, पण धुणं, झाकणं आणि पोपडे न ओढणं पुन्हा पहिल्या दिवसापासून.